‘५० टक्के’ म्हणजे अर्धा वेळ नव्हे

अमेरिकेत आयईपीच्या बैठकीत, म्हणजे विशेष शिक्षण घेणाऱ्या मुलाचा वर्षाचा आराखडा ठरतो तिथे, ‘तुमचा मुलगा ५० टक्के टप्प्यांत पेन्सिल आपटतो’ असं सांगितलं की आई-बाबा हबकतात. तास अर्धा वाया गेला की काय!

आकडा येतो कुठून? निरीक्षक मागे बसतो. १० मिनिटांचे १५-१५ सेकंदांचे ४० टप्पे, कागदावर ४० चौकोन. कमरेला थरथरणारा टायमर. बीप वाजला तर अख्खा वर्ग वळून बघतो. टप्प्यात एकदा जरी पेन्सिल आपटली तरी खूण करायची, ही ‘पार्शियल’ पद्धत. टप्पाभर सलग चालली तरच खूण, ही ‘होल’. टायमर थरथरला त्या क्षणी जे दिसेल तेवढंच टिपायचं, ती ‘मोमेंटरी’.

समजा, २० टप्प्यांत मुलाने प्रत्येकी ३ सेकंद पेन्सिल आपटली. खरा वेळ ६० सेकंद, म्हणजे १० टक्के. पार्शियल सांगेल ५०, होल सांगेल शून्य. मोमेंटरी साधारण १०च्या आसपास येईल, पण ४० चौकोनांत ते थोडंफार नशिबावरही असतं. म्हणून टक्का ऐकला की आधी पद्धत विचारा, आणि टप्पा किती सेकंदांचा तेही. शिवाय त्याच तासाला वर्गातल्या दुसऱ्या एखाद्या मुलाची नोंद घेतली का? शेजारचाही ४० टक्के निघाला, तर चर्चाच बदलते.

कोणतं वागणं मोजायचं त्याच्या व्याख्येत ‘त्रास देतो’ लिहिलं असेल तर ती नोंद बाजूला ठेवा. ‘बाकावर आवाज येईल अशी पेन्सिल आपटणे; लिहिताना टेकणे धरायचे नाही’ इतकं नेमकं हवं. पहिल्या दिवशी पोरं नव्या माणसाकडे बघून शहाण्यासारखी वागतात, त्यामुळे त्या दिवसाच्या नोंदीवर फारशी भिस्त ठेवू नये.

एकाच वेळी बसलेल्या दोन निरीक्षकांच्या नोंदी किती जुळतात, तेही तपासतात. ८० टक्क्यांच्या वर असलं की चालतं. इथेच खरी गोम आहे. दोघांनी दोन-दोनच खुणा केल्या, त्याही वेगवेगळ्या चौकोनांत, तरी उरलेले ३६ कोरे चौकोन ‘जुळले’ म्हणून ९० टक्के येतात. क्वचित घडणाऱ्या वागण्यात फक्त खुणा असलेले चौकोन मोजायचे. मग तोच आकडा शून्यावर येतो.