तुलना कशाशी करायची?

ताईंनी सकाळी माझ्या कोडच्या चाचण्या पाहिल्या आणि एवढेच लिहिले : 'सगळ्या पास होतात हे दिसते आहे, पण त्या नापास कधी होतील?' या वाक्यात राग येण्यासारखे काही नव्हते, तरीही दिवसभर ते डोक्यातून गेले नाही. लिनक्सच्या गाभ्यातील, म्हणजे कर्नलमधील, सीआरसी-३२ चा (माहिती बिघडली का हे ओळखण्यासाठी तिच्यावरून काढायच्या आकड्याचा, म्हणजे चेकसमचा) रिस्क-व्ही प्रोसेसरसाठीचा वेगवान कोड, तोही हातचा न धरता गुणाकार करणाऱ्या सूचना वापरून, जुळवून आणावा आणि त्यावर कौतुकाचा शब्द न येता असा प्रश्न यावा, याचे वाईट वाटले. चेकसमचे काम करणाऱ्याला शाबासकी द्यावी असे कोणाला कधी वाटत नाही. असो, त्याविषयी लिहीत बसलो तर पानभर होईल.

प्रश्न मात्र खरा आहे. '१२३४५६७८९' या नऊ अंकांच्या मजकुराचे ठरलेले उत्तर सीबीएफ४३९२६ (सोळाच्या पायातील संख्या) येते, हे या क्षेत्रात सर्वांना पाठ असते. पण नऊच बाइट असतील तर माझ्या कोडचा मुख्य भाग, म्हणजे मोठे तुकडे घेऊन फिरणारे आवर्तन, चालतच नाही. उरलेसुरले बाइट हाताळणाऱ्या शेपटाकडूनच ते उत्तर येते. ज्या भागासाठी एवढा खटाटोप केला, त्याला ही चाचणी शिवतही नाही.

अपेक्षित उत्तरांचा तक्ता लिहून ठेवणे हा एक मार्ग; कर्नलमध्ये पूर्वी तसेच होते. पण २०२५ साली आलेल्या ६.१४ आवृत्तीपासून तेथील केयुनिट (कर्नलची स्वतःची चाचणी-चौकट) चाचणी एकेक बिट सरकवणाऱ्या, संथ पण वाचताच पटणाऱ्या कोडशी तुलना करते आणि लांबी व सुरुवातीची जागा यादृच्छिकपणे बदलत राहते. बफरचा, म्हणजे मजकूर ठेवलेल्या मेमरीचा, शेवट वाचण्यास मनाई असलेल्या संरक्षित पानाला चिकटवलेला असतो, त्यामुळे एक बाइट जरी पुढचा वाचला गेला तरी कर्नल तिथेच ओरडतो. मला हाच मार्ग पटतो.

तरीही ताईंचे वाक्य पिच्छा सोडत नाही. यूजर-मोड लिनक्सवर, म्हणजे साध्या प्रोग्रामसारख्या चालणाऱ्या कर्नलवर, केयुनिट झटपट चालते, पण तेथे रिस्क-व्हीचा कोड बांधलाच जात नाही. क्यूईएमयू या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये त्या गुणाकाराच्या सूचनांचा विस्तार बंद असलेला प्रोसेसर निवडला, तर कर्नल मुकाट्याने सामान्य कोडकडे वळतो आणि चाचणी आनंदाने पास होते. पास झाले खरे, पण कोण? त्याहून वाईट म्हणजे एक्सटी४ किंवा बीटीआरएफएससारख्या फाइल सिस्टीममध्ये चेकसम लिहिणारा आणि नंतर तो तपासणारा कोड एकच असेल, तर दोघेही एकाच चुकीवर एकमत होतात. डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडेपर्यंत कोणाला काही कळत नाही.

संध्याकाळी विस्तार चालू असल्याची खात्री करून घेतली, मुख्य आवर्तनातला एक स्थिरांक मुद्दाम बिघडवला आणि चाचण्या पुन्हा चालवल्या. नऊ अंकांवाली पास झाली. बिटवार तुलना करणारी धाडकन आपटली. स्वतःच्या कोडला नापास झालेले पाहून इतके हायसे वाटावे, हा धंदाच विचित्र आहे.

स्थिरांक परत जागेवर ठेवला. नऊ अंकांची चाचणीही राहू दिली, कारण सीआरसीचे गणित ज्यावर उभे असते ती बहुपदीच चुकीची घेतली तर ती लगेच सांगेल. ताईंना उत्तर उद्या पाठवीन. 'तुमचेच बरोबर' असे त्याच दिवशी लिहिण्याइतका माझा स्वभाव अजून सुधारलेला नाही.