तुम्ही विचारलंत म्हणून: कारखान्यातला अनुभव वर्गात उपयोगी पडतो का?

कारखान्यातली १७ वर्षांची नोकरी सोडून मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते, हे कळले की लोक आधी पगाराचे विचारतात आणि मग हमखास म्हणतात, "तिथल्या अनुभवाचा वर्गात फार उपयोग होत असेल ना?" पगार कमी झाला, तो विषय तिथेच संपतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र सविस्तर द्यायला हवे, कारण लोकांना वाटतो तसा उपयोग होत नाही.

महाडच्या औद्योगिक वसाहतीत मी गुणवत्ता नियंत्रण विभागात होते. एम.एस्सी. झालेले होते, बी.एड. चाळिशीनंतर केले, आणि २०१५ पासून तो अभ्यासक्रम दोन वर्षांचा झालेला असल्यामुळे मुलीच्या वयाच्या मुलींबरोबर पाठाची टाचणे काढण्यात दोन वर्षे गेली. पहिल्या वर्षी मी वर्गात रिॲक्टरच्या आणि रात्रपाळीच्या गोष्टी रंगवून सांगत असे. मुले तल्लीन होऊन ऐकत आणि घटक चाचणीत मोलचे साधे गणित चुकवत.

अनुभव कामी आला तो प्रयोगशाळेत. बारावीला ऑक्झॅलिक आम्ल आणि पोटॅशियम परमँगनेटचे अनुमापन असते, म्हणजे एका द्रावणाला दुसरे किती लागते ते मोजायचे. आम्लाचे १० मिलिलिटर द्रावण पिपेटने घ्यायचे, त्यात विरल सल्फ्युरिक आम्ल घालून ते ६० ते ७० अंशांपर्यंत तापवायचे आणि फिकट गुलाबी छटा टिकेपर्यंत ब्युरेटमधून जांभळे परमँगनेट सोडत राहायचे. जुन्या जर्नलांमुळे उत्तर सर्वांना आधीच ठाऊक असते, त्यामुळे वहीमागून वहीत लागलेल्या परमँगनेटचे ९.८, ९.८, ९.८ मिलिलिटर हेच वाचन दिसते आणि प्रात्यक्षिकाचे ३० गुण हातचे जाऊ नयेत म्हणून शिक्षकही त्याकडे काणाडोळा करतात. मला ते जमत नाही. खोट्या वाचनावर पुढे सरकलेली बॅच वाया जाताना मी पाहिलेली आहे.

एका मुलाच्या वहीत मात्र ०.३ लिहून खोडलेले दिसले. विचारल्यावर तो ओशाळून म्हणाला, "मॅडम, पहिल्याच थेंबांना गुलाबी झालं, म्हणून थांबलो." फ्लास्क कोमट झाला होता. तो पुन्हा तापवून मी त्याला हलवत राहायला सांगितले. गुलाबी रंग रेंगाळत रेंगाळत गेला. पुढचे थेंब मात्र पडताक्षणी विरू लागले. या अभिक्रियेत तयार होणारे मँगनीजचे आयनच तिचा वेग वाढवतात, म्हणून आरंभी ती मंद असते. स्वयंउत्प्रेरण हा शब्द मी त्यानंतर फळ्यावर लिहिला, तेव्हा बाकीचेही आपापल्या फ्लास्कचे पहिले थेंब पाहायला परत टेबलाशी गेले.

त्याच्या जर्नलात आता ०.३ आणि ९.६ अशी दोन्ही वाचने आहेत. ०.३ च्या शेजारी त्याने पेन्सिलीने लिहिले आहे, "घाई केली."