उणे शून्य व्होल्ट

मंगळवार, रात्री

शिरोलीच्या फाउंड्रीत बसवायचा एनर्जी मीटर आज उद्यमनगरच्या ऑफिसात टेबलावर मॉडबसवर, म्हणजे यंत्रांनी तारेवरून बोलायच्या ठरलेल्या भाषेत, बोलायला लागला. सीआरसी, म्हणजे निरोप वाटेत बिघडला नाही ना हे तपासायचा आकडा, जुळला, उत्तर आलं आणि स्क्रीनवर व्होल्टेज उमटला: -०.००. मल्टिमीटर त्याच सॉकेटला २३१ दाखवतोय!

कच्चा डेटा काढला. हेक्समध्ये, म्हणजे १६ च्या पायावरच्या अंकांत, दोन रजिस्टर (मीटरचे आकडे ठेवायचे कप्पे), ४३६७ आणि ८०००. याच क्रमाने जोडून फ्लोट, म्हणजे दशांश आकडा, म्हणून वाचले तर २३१.५. आमचा ड्रायव्हर, म्हणजे मीटर वाचणारा कोड, जुन्या मीटरसाठी लिहिलेला, तो उलटे जोडतो: ८०००४३६७. पहिला बिट चिन्हाचा, म्हणून उणे. उरलेला आकडा इतका बारीक की शून्यच छापला जातो.

मॅन्युअलात ‘फ्लोट, २ रजिस्टर’ एवढंच. कुठला आधी, ते नाही. पण सगळा दोष मीटरवाल्यांचा नाही. मॉडबस १९७९ चा, रजिस्टर १६ बिटांचं. त्यात वरचा बाइट (८ बिटांचा तुकडा) आधी, सीआरसीचा मात्र खालचा आधी, हे स्पष्ट लिहिलंय. ३२ बिटांचा फ्लोट त्याच्या गावीही नाही.

रजिस्टरच्या पत्त्यांचा घोळ निराळाच. मॅन्युअलच्या तक्त्यातलं ४०००१ तारेवर ० म्हणून जातं, पण काहीजण तक्त्यातच तारेवरचा आकडा छापतात. एकाचा फरक पडला की अर्धा आकडा इकडचा, अर्धा तिकडचा. म्हणून मी फ्रीक्वेन्सी आधी शोधतो. व्होल्टेज हलतो, करंट लोडवर असतो, ग्रिड मात्र ५० च्या आसपासच. हेक्समध्ये ४२४७ (५० च्या जरा खाली) किंवा ४२४८ (५० किंवा जरा वर) दिसलं की पत्ता आणि क्रम एका झटक्यात कळतात. आज ४२४७ दिसलं.

“चाललंय न्हवं भावा? मग टाक की कोडात,” शेजारच्या टेबलावरून सल्ला आला. हा क्रम टाकला, पण फक्त फ्लोटसाठी. युनिटांचा काउंटर ३२ बिटांचा पूर्णांक आहे, आणि एकाच मीटरात दोन क्रम निघणं अशक्य नाही. त्यामुळे क्रम प्रत्येक डेटाप्रकाराला वेगळा ठरवता येईल असं ठेवलं. कॉमेंटमध्ये अंदाज लिहिले नाहीत. मिळालेले बाइट आणि मीटरच्या फर्मवेअरचा (आतल्या प्रोग्रॅमचा) नंबर लिहिला. कंपनीला मेल टाकलाय, पण उत्तराची वाट बघत बसण्यात अर्थ नाही.

नवा मीटर, काउंटर शून्य. शून्य कसंही जोडा, शून्यच. तेव्हा १०० वॅटचा बल्ब लावून आलोय, १० तासांत एक युनिट पडेल. सकाळी १ दिसतो की (क्रम उलटा असेल तर) ६५५३६, ते बघून उरलेली ओळ लिहायची.