कारभार नेमका कोणाचा होता? सुझाना सॉल्टर आणि त्यांचे घर

स्त्रियांच्या मताधिकाराच्या इतिहासावर मी बोलते तेव्हा कॅन्सस राज्यातल्या आर्गोनिया या गावाचा उल्लेख येतोच, आणि तो आला की एक प्रश्नही ठरलेला असतो. १८८७ साली तिथे निवडून आलेल्या सुझाना सॉल्टर या अमेरिकेतल्या पहिल्या महिला महापौर म्हणून ओळखल्या जातात. पण त्यांचे वडील त्याच गावाचे पहिले महापौर, पती नगराचे चिटणीस आणि सासरे राज्याचे माजी लेफ्टनंट गव्हर्नर होते, तेव्हा खुर्चीत बाई आणि कारभार घरातल्या पुरुषांचा, असाच हा प्रकार नव्हता का? विचारणाऱ्या बहुधा स्त्रियाच असतात आणि त्यांच्या प्रश्नामागे आपल्याकडच्या ग्रामपंचायतींचा अनुभव असतो, म्हणून या प्रश्नाला दोन वाक्यांत उत्तर देणे मला कधीच पटलेले नाही. तुम्ही विचारलेत म्हणून सविस्तर लिहिते.

घरापासूनच सुरुवात करू. सुझाना मॅडोरा किन्सी यांचा जन्म २ मार्च १८६० रोजी ओहायोत झाला. १८७२ मध्ये आईवडील, ऑलिव्हर आणि टेरिसा किन्सी, मुलाबाळांसह कॅन्ससमध्ये शेतीसाठी आले. सुझानाबाई कॅन्ससमधल्याच मॅनहटन येथील राज्य कृषी महाविद्यालयात शिकल्या, पण पदवी अवघी काही आठवड्यांवर आली असताना आजारपणामुळे त्यांना शिक्षण सोडावे लागले. तिथेच त्यांची ल्यूइस सॉल्टर यांच्याशी ओळख झाली. १८८० मध्ये दोघांनी लग्न केले आणि १८८२ मध्ये ती नव्याने वसणाऱ्या आर्गोनियात राहायला आली. तिथे ल्यूइस हार्डवेअरचे दुकान चालवू लागले, पुढे किन्सी मंडळीही आली आणि सासऱ्या-जावयांनी मिळून ते दुकान विकत घेतले. १८८५ मध्ये गावाला नगराचा दर्जा मिळाला तेव्हा ऑलिव्हर किन्सी महापौर झाले, ल्यूइस चिटणीस झाले आणि नगराचे नियम लिहून काढण्याचे काम ल्यूइस यांच्याकडे आले. सार्वजनिक कामाची भाषा या घरात रोजच बोलली जात होती, हे खरेच आहे, आणि ते नाकारण्याचे मला काही कारण दिसत नाही.

मात्र ज्या निवडणुकीने सुझानाबाईंना पदावर बसवले, ती घरातल्या पुरुषांनी घडवून आणलेली नव्हती. फेब्रुवारी १८८७ मध्ये कॅन्ससच्या विधिमंडळाने स्त्रियांना नगरपालिका निवडणुकीत मतदानाचा हक्क दिला. राज्यात १८८१ पासून दारूबंदी होती, पण तिची अंमलबजावणी ढिली होती, म्हणून वुमन्स ख्रिश्चन टेंपरन्स युनियन या मद्यविरोधी संघटनेच्या आर्गोनियातील शाखेने हाच मुद्दा पुढे करून आपल्या पसंतीचे उमेदवार जाहीर केले. ते सगळे पुरुष होते. सुझानाबाई त्या शाखेच्या पदाधिकारी होत्या. बायकांनी राजकारणात पडू नये असे मानणाऱ्या काही पुरुषांनी हीच यादी उचलली, महापौराच्या जागी सुझाना सॉल्टर हे नाव घातले आणि तशा मतपत्रिका छापून घेतल्या. त्या काळी सरकारी मतपत्रिका नसत. पक्ष आणि गट आपापल्या चिठ्ठ्या छापून मतदारांच्या हाती देत, आणि उमेदवाराने आधी नाव नोंदवण्याचेही बंधन नव्हते. त्यामुळे ज्यांचे नाव चिठ्ठीवर होते, त्यांनाच त्याचा पत्ता नव्हता. मोजकी मते पडतील, बाईंची आणि संघटनेची फजिती होईल आणि पुन्हा कोणी स्त्री पुढे येणार नाही, असा त्यामागचा हिशेब होता.

४ एप्रिल १८८७ हा सोमवार होता आणि सोमवार म्हणजे तिथल्या घरोघरी कपडे धुण्याचा दिवस. सकाळीच रिपब्लिकन पक्षाची काही माणसे सॉल्टर यांच्या दारी आली तेव्हा बाई धुण्यात गुंतल्या होत्या. झाला प्रकार सांगून त्यांनी विचारले, निवडून आलात तर पद स्वीकाराल का? बाई हो म्हणाल्या. ल्यूइस तेव्हा घरी नव्हते. मतदानाला गेल्यावर त्यांनी पत्नीचे नाव पाहिले आणि ते संतापले, आणि परत येऊन पाहतात तो पत्नीने होकार देऊन टाकलेला! माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या क्रमातच आहे. निर्णय पत्नीने घेतला, पतीला तो नंतर कळला, आणि सुरुवातीला तो मुळीच आवडला नाही. पुढे मात्र आपण महापौरांचे पती आहोत, हे ते हसतहसत सांगत. संघटनेच्या बायकांनी आपला ठरलेला उमेदवार बाजूला ठेवून सुझानाबाईंना मते दिली, पुष्कळ पुरुषांनीही दिली, आणि जवळपास दोन-तृतीयांश मते घेऊन त्या निवडून आल्या. तेव्हा त्यांचे वय सत्तावीस होते.

उरलेले अर्धे उत्तर सभागृहातले आहे. पाच पुरुष सदस्यांच्या पहिल्या बैठकीत त्यांनी सदस्यांना सांगितले की गावाचे निवडून आलेले प्रतिनिधी तुम्ही आहात, मी केवळ अध्यक्षस्थानी आहे, तेव्हा आपली इच्छा काय ते सांगा. काहींना हे बोलणे नमते वाटते. मला त्यात सभेचे नियम पक्के ठाऊक असलेल्या व्यक्तीचा आत्मविश्वास दिसतो. न्यूयॉर्कहून वार्ताहर बैठक पाहायला आला, परदेशी वृत्तपत्रांतही बातम्या आल्या. कारभार मात्र शांतपणे चालला. वर्षभराचे मानधन होते एक डॉलर.

या सगळ्यात त्या आई होत्या, हे विसरता येत नाही. पुढे त्यांची नऊ अपत्ये झाली. त्यांतले एक महापौरपदाच्या काळातच जन्मले आणि तान्हेपणीच गेले. त्याच वर्षी न्यूटन येथील मताधिकार परिषदेत सुझानाबाई मताधिकार चळवळीच्या नेत्या सुझन अँथनी यांच्यासोबत व्यासपीठावर होत्या. बाळंतपण, दुःख आणि पद यांचे ओझे एकाच वर्षात पेललेल्या स्त्रीला ‘नावापुरती’ म्हणताना आपण थोडे थांबावे, असे मला मनापासून वाटते.

याच काळात आपल्या पंडिता रमाबाई अमेरिकेत होत्या. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी १८८६ मध्ये त्या फिलाडेल्फियाला गेल्या, १८८८ पर्यंत त्या देशात राहिल्या आणि फ्रान्सिस विलर्ड यांच्या अध्यक्षतेखालील याच टेंपरन्स युनियनशी त्यांचा निकटचा संबंध आला. गावोगावच्या बायकांना सभा चालवायला, ठराव मांडायला आणि मते मागायला या संघटनेने शिकवले. सुझानाबाईंची खरी शाळा तीच होती, असे माझे मत आहे. माहेर आणि सासर यांचा आधार त्यानंतरचा.

वर्ष संपल्यावर त्यांनी पुन्हा उभे राहण्यास नकार दिला. १८९३ मध्ये चेरोकी पट्ट्यातील जमिनी वसाहतीसाठी खुल्या झाल्यावर कुटुंब ओक्लाहोमात गेले. तिथे ल्यूइस यांनी वकिली केली आणि वृत्तपत्रही काढले. १९१६ मध्ये ते वारले. सुझानाबाई नंतर नॉर्मन येथे राहिल्या आणि १७ मार्च १९६१ रोजी, वयाच्या एकशे एकाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

एका गावातल्या एका वर्षाने काय साधले, असेही कोणी विचारतात. सुझानाबाई पदावरून उतरल्या त्याच एप्रिलमध्ये, १८८८ साली, कॅन्ससमधल्याच ऑस्कलूसा गावाने मेरी लोमन यांना महापौर केले, आणि त्यांच्याबरोबर नगरसभेच्या पाचही जागांवर स्त्रिया निवडून दिल्या.