जुना खर्ज, नवी खोली

जुना सबवूफर, म्हणजे फक्त खर्जाचे स्वर वाजवणारी स्पीकरची पेटी, विकत घ्यायचा म्हणून पाहायला मी गेलो, तेव्हा मालकांनी तो आधीच चालू करून ठेवला होता आणि आवाज इतका चढवला होता की कपाटाच्या काचा थरथरत होत्या. मी तो बंद करण्याची विनंती केली, तेव्हा त्यांचा चेहरा किंचित उतरला. पण दणदणाटात दोष लपतात, आणि मला दोषच पाहायचे होते.

पुढची जाळी काढून मी कोनाभोवतीची, म्हणजे आवाज काढताना मागेपुढे हलणाऱ्या शंकूभोवतीची, कडा निरखली. ही कडा फोमची असेल, तर पेटी कोणी फारशी वाजवली नसली तरी ती नुसत्या वयाने विरते आणि काही वर्षांनी बोटाला तिचा चिकट भुगा लागतो. रबराची कडा त्या मानाने पुष्कळ टिकते. इथे सुदैवाने रबर होते. मग दोन्ही हातांची बोटे कोनावर सारख्या अंतराने टेकवून मी तो हलकेच आत दाबला आणि कान जवळ नेला. चुंबकाच्या खाचेत कोनाला जोडलेली तारेची कॉइल सरळ सरकत असेल, तर काहीही ऐकू येत नाही. ती वाकली किंवा तापून फुगली असेल, तर वाळूवर पाय घासावा तशी खरखर होते. खरखर नव्हती. शेवटी मागच्या अ‍ॅम्प्लिफायरपाशी नाक नेऊन जळका वास येतो का, तेही पाहिले. एव्हाना मालक माझ्याकडे, घोड्याचे दात मोजणाऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहावे तसे पाहू लागले होते. गाणे न लावता नुसती वीज जोडल्यावर येणारी गुणगुण अगदी मंद होती, तेव्हा सौदा ठरला.

घरी आणून कोपऱ्यात ठेवला, आणि तोच सबवूफर रिकाम्या पिंपासारखा घुमू लागला. दोष त्याचा नव्हता. 40 हर्ट्झच्या स्वराची लहर हवेत सुमारे साडेआठ मीटर लांब असते, म्हणजे माझ्या खोलीहूनही लांब. ती भिंतींवर आपटून परतते आणि खोलीत कुठे स्वतःलाच दुप्पट करते, तर कुठे पुसून टाकते. त्या गृहस्थांकडे मी ऐकला होता तो निम्मा खर्ज त्यांच्या खोलीचा होता, आणि तो काही पेटीबरोबर आला नव्हता.

यावरचा उपाय जुना आणि जरा लाजिरवाणा आहे. सबवूफर आपल्या बसण्याच्या खुर्चीवर चढवायचा, एखादी संथ खर्जाची सुरावट लावायची आणि आपण भिंतीच्या कडेकडेने रांगायचे. जिथे प्रत्येक स्वर वेगळा आणि सारख्या वजनाचा ऐकू येईल, तिथे पेटी ठेवायची. मी दार आतून लावून घेतले आणि रांगलो. जागा सापडली ती पुस्तकांच्या कपाटाशेजारी, कोपऱ्यापासून दोन हात अलीकडे. सबवूफरने कोणत्या स्वराच्या खालीच वाजायचे हे ठरवणारी क्रॉसओव्हरची कळ 80 हर्ट्झच्या आसपास आणल्यावर पेटी जणू खोलीतून निघूनच गेली, कारण त्याखालचा स्वर कोणत्या दिशेने येतो हे कानाला सहसा कळत नाही.

परवा आलेला मित्र समोरच्या दोन लहान स्पीकरांचे तोंडभरून कौतुक करून गेला. ज्या पेटीवर त्याने चहाचा कप ठेवला होता, तिच्याबद्दल मी काही बोललो नाही. फक्त कप तेवढा उचलून घेतला.