छोट्या सुट्टीचा डबा

शाळेत सुट्ट्या दोन. मोठ्या सुट्टीत पोळी-भाजीचा डबा खायला मुलांना वेळ मिळतो. छोटी सुट्टी जेमतेम दहा मिनिटांची, आणि घराघरांत सकाळी खरी पंचाईत होते ती या छोट्या सुट्टीच्या डब्याची. बायको परिचारिका आहे. तिची सकाळपाळी लागली तेव्हापासून आमच्याकडे दोन्ही मुलांचे डबे मी भरतो. लेक सहावीत, धाकटा दुसरीत. पुण्यात एकाच शाळेत जातात, पण वेळा वेगळ्या. 2024-25 पासून पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय शासनाने घेतला. त्यामुळे धाकटा घरी पोटभर नाश्ता करून निघतो. लेकीची शाळा सातची. ती कपभर दूध पिऊन पळते, म्हणजे छोट्या सुट्टीचा डबा हाच तिचा नाश्ता. धाकट्याला तोंडात टाकायला काहीतरी पुरतं, लेकीला मात्र पोटाला आधार लागतो. दोघांच्या डब्यांत तोच पदार्थ असला तरी प्रमाण वेगळं ठेवावं लागतं.

लेकीचा डबा अर्धा परत यायचा. "का खाल्लं नाहीस?" असं विचारलं की मुलं "भूक नव्हती" म्हणतात आणि विषय संपतो. म्हणून एका संध्याकाळी मी तिला सुट्टीत काय काय होतं तेवढंच सांगायला सांगितलं. घंटा झाली की हात धुवायला रांग. परत येऊन बाकावर बसेपर्यंत निम्मा वेळ गेलेला. मग मैत्रिणींचे डबे उघडतात, एकमेकींना घास द्यायचा असतो, आणि तेवढ्यात पुढच्या तासाच्या बाई दारात. भाजी लावून पोळीचा घास करायला तिथे सवड नाही. चमचा काढला तर तो धुवायचा प्रश्न. "आणि बाबा, उपमा गार झाला की त्याचा गोळा होतो." धाकट्याची अडचण आणखी साधी होती. त्याच्या डब्याच्या चारही बाजूंच्या कड्या त्याला उघडतच नव्हत्या. त्याला फिरकीच्या झाकणाचा हलका डबा आणला आणि तेवढ्यानेच त्याचं खाणं सुरळीत झालं. नवा डबा घेताना मुलाला दुकानात न्यावं आणि त्याच्याच हातून झाकण चार-पाच वेळा उघडून पाहावं, हे मी आता भेटेल त्या पालकाला सांगतो.

तेव्हापासून डब्यात काय द्यायचं हे ठरवताना मी तीन गोष्टी बघतो. गार झाल्यावर चांगलं लागतं का, चमच्याशिवाय खाता येतं का, आणि दोन घास मैत्रिणीला देता येतात का.

हे मी लातूरला आईला फोनवर सांगितलं, तर ती लगेच म्हणाली, "अरे, मग प्रवासाला जे नेतो तेच दे की!" माझं अडलेलं काम तिथे सुटलं. आमच्या मराठवाड्यात गावाला निघताना बांधून द्यायचे ते पदार्थ म्हणजे दशम्या, धपाटे, तिखटामिठाच्या पुऱ्या, सोबत दाण्याची चटणी. गाडीत हातावर घेऊन खाता यावं, तासन् तास मऊ राहावं, रस सांडू नये, यासाठीच ते केलेले असतात. शाळेच्या बाकावर नेमकं हेच हवं असतं. मुलांच्या डब्यासाठी रोज नवी कल्पना शोधणाऱ्या प्रत्येकाने आधी आपल्या घरची शिदोरी आठवावी, असं मला मनापासून वाटतं.

दशमी आमच्याकडे सगळ्यात चालली. दोन वाट्या कणीक, अर्धी वाटी ज्वारीचं पीठ, चवीला मीठ, दोन चमचे तेल, आणि पाण्याऐवजी दूध. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा किंचित घट्ट ठेवायचं. साधी पोळी गार झाली की चिवट होते. दुधातल्या आणि तेलातल्या स्निग्धपणामुळे दशमी मऊ राहते. तळहाताएवढ्या लहान दशम्या लाटल्या की घास तोडावा लागत नाही, गुंडाळी करून खाता येतात. दुधात आधी गूळ विरघळवून घेतला की गोड दशमी. मात्र गूळ घालताना दूध कोमटच हवं, कडकडीत दुधात गूळ टाकला तर ते फाटतं.

धपाट्यांना ज्वारीचं पीठ जास्त, त्यात थोडी कणीक आणि बेसन, तीळ, ओवा, लसूण-मिरची, मूठभर चिरलेली मेथी, आणि भिजवायला ताक. भाजणीचं थालीपीठ गार झाल्यावर थोडं कडक होतं, म्हणून त्यात किसलेला दुधी घालतो. दुधीची भाजी पाहून तोंड फिरवणारा धाकटा हे थालीपीठ मागून खातो.

तिखटामिठाच्या पुऱ्या शुक्रवारच्या. दोन वाट्या कणीक, दोन चमचे बेसन, तिखट, हळद, मीठ, ओवा, तीळ आणि दोन मोठे चमचे कडकडीत तेलाचं मोहन. पीठ घट्टच हवं, सैल झालं तर पुऱ्या तेल पितात. मोठी पोळी लाटून धाकटा वाटीने गोल कापतो. स्वतः कापलेल्या पुऱ्या तो शाळेतून परत आणत नाही. तळण आठवड्यातून एकदाच, हे घरात ठरलेलं आहे.

डबा भरण्याची रीतही पदार्थाइतकीच महत्त्वाची. तव्यावरचं थालीपीठ थेट डब्यात घालून झाकण लावलं तर वाफेचं पाणी होतं, खालची बाजू लिबलिबीत होते आणि उन्हाळ्यात वासही येतो. मी सगळं जाळीवर पसरून गार करतो, मगच झाकण लावतो. त्यासाठी वीस मिनिटं हाताशी हवीत, म्हणून पीठ रात्रीच भिजवून ठेवतो. दुधाचं आणि ताकाचं पीठ फ्रिजमध्येच. वर्तमानपत्राच्या कागदात मात्र काहीही गुंडाळू नये. छपाईची शाई अन्नाला लागते. अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही तसा इशारा दिलेला आहे. स्वच्छ सुती रुमालाचे तुकडे पुरतात, रोज धुता येतात. मार्च लागला की ओलं खोबरं, बटाट्याचं सारण आणि लावून द्यायचं दही मी डब्यातून काढून टाकतो. दप्तर उन्हात तापलेल्या रिक्षात असतं आणि असे ओले पदार्थ दोन तासांपलीकडे उष्ण हवेत राहू नयेत.

रविवारी इडलीचं पीठ वाटतो. इडली गार झाली तरी मऊ राहते, म्हणून सोमवारी छोट्या इडल्या. बरोबर पातळ चटणी देत नाही. इडली मधोमध चिरून आत तुपात कालवलेली कोरडी चटणी लावायची. उरलेल्या पिठात गाजर, कांदा, कोथिंबीर घालून मंगळवारी आप्पे. हे दोन दिवस असे सुटले की पुढचा आठवडा अंगावर येत नाही.

खाऊच्या लहान कप्प्यात लाडू असतो. आधी दाण्याचा लाडू द्यायचो. भाजलेले दाणे आणि गूळ मिक्सरमधून काढला की झालं, तूपही लागत नाही. पण धाकट्याच्या वर्गातल्या एका मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे असं पालकसभेत कळलं. वर्गात डबे वाटून खाल्ले जातात, तेव्हा दाणे बंद. त्या मुलाच्या आईला आधी विचारलं आणि त्याच्या जागी पंढरपुरी डाळ्याचा लाडू सुरू केला. डाळ्याची पूड, किसलेला गूळ, वेलदोडा, वळेल इतपत पातळ तूप. थंडीत नाचणीचे लाडू. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. इतर धान्यांत ते याच्या जवळपासही नाही. वाढत्या वयाच्या लेकीला मी ते आवर्जून देतो. नाचणी मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजावी, नाहीतर लाडू कच्चट लागतो.

फळांमध्ये अख्खं केळं, पेरूच्या फोडी, सोललेलं संत्रं. सफरचंदाच्या फोडी मिठाच्या पाण्यातून काढल्या की लवकर काळ्या पडत नाहीत. धाकट्याला द्राक्षं उभी चिरूनच देतो. एवढ्या मुलाच्या घशात अख्खं द्राक्ष अडकू शकतं.

वेफर, कुरकुरीत पाकिटं यांचा हट्ट आमच्याकडेही होतो. 2020 च्या नियमांनुसार जास्त साखर, मीठ आणि चरबी असलेले पदार्थ शाळेत आणि शाळेच्या पन्नास मीटर परिसरात विकता येत नाहीत. नियम चांगला आहे, पण डबा घरून येतो. तिथलं राखणं आपल्याच हातात. मी नाही म्हणण्याआधी पर्याय ठेवतो, ज्वारीच्या लाह्यांचा तुपाच्या फोडणीतला चिवडा. आदल्या रात्री मुलांना दोन पदार्थ सांगतो, त्यातला एक त्यांनी निवडायचा. काय हवं असं मोकळं विचारलं की उत्तर पाकिटाचंच येतं. दोनातला एक निवडताना मात्र ती खरंच विचार करतात.

लेकीच्या डब्यात दोन दशम्या जास्तीच्या असतात, त्या मैत्रिणींच्या वाटणीच्या. एरवी वाटून झाल्यावर तिलाच कमी पडायचं.

घरी आल्यावर दप्तरातून डबा पहिला बाहेर यायला हवा, ही शिस्त दोघांनाही लागली आहे. झाकणाचं रबर वेगळं काढून धुवायचं आणि डबा रात्रभर उघडा वाळवायचा. धुतलेल्या डब्याला वास येतो अशी तक्रार बरेच पालक करतात. तो वास बहुतेक वेळा त्या रबराखाली साचलेल्या ओलाव्याचा असतो.