बिल भरलं की टेबल सोडा ना
रविवारी सकाळी पुण्यात डेक्कनला नाश्त्याला गेलो, बाहेर नावं लिहून १५-२० जण ताटकळलेले, एक आजी तर पायरीवरच बसलेल्या, आणि आत एका टेबलावर बिल भरून झालेलं, कप रिकामे, तरी गप्पा चालूच. खरंच राग आला. इराण्याकडे एका चहावर तासभर बसणं मलाही प्रिय आहे, डेक्कनचं इराणी कॅफे गुडलक १९३५ पासून आहे, पुण्यात कित्येक पिढ्या अशाच बसल्यात, पण मग दुपारी चारला या की निवांत, तेव्हा कोण उठवतंय! वेटरची टीपही टेबलं फिरण्यावरच असते. आणि हो, वाट बघणाऱ्यांनीही खुर्चीमागे उभं राहून घास मोजू नयेत प्लीज, फार अवघडल्यासारखं होतं. आम्ही बिल दिल्या दिल्या उठलो.